सूदानची भूमिगत खाण बघायला जाताना: खाणपट्ट्यातल्या गोवेकरांसाठी मार्गदर्शक

डिचोली, साखळी, उसगाव, सांगे, केपे या पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खाण म्हटलं की ठरलेलं चित्र उभं राहतं: पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला लाल खड्डा, कडेला रिजेक्शनचे, म्हणजे टाकाऊ मातीदगडाचे डोंगर आणि रस्त्यावर ट्रकांची रांग. जमिनीच्या पोटात उतरणारी खाण आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल, कारण गोव्यातलं लोहखनिज उघड्या खाणींतूनच काढलं जातं. अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटा राज्यात, सूदान नावाची एक जुनी लोहखाण आहे. नाव आफ्रिकेतल्या देशासारखं असलं तरी जागा कॅनडाच्या सीमेजवळची, थंड प्रदेशातली. १९६२ मध्ये ही खाण बंद झाली. आज ती राज्याच्या उद्यानाचा भाग आहे. लोक पिंजऱ्यातून ७१३ मीटर खाली जातात, खाणकाम कसं चालायचं ते बघतात. याच खाणीच्या तळाशी तीसेक वर्षं पदार्थविज्ञानाचे मोठे प्रयोगही चालले.

मुलं अमेरिकेत असल्यामुळे गोव्यातले कितीतरी आईवडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे जातात. नायगरा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळे दाखवतात. खाणपट्ट्यातल्या माणसाने त्या यादीत सूदान घालावी असं मला मनापासून वाटतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातली ८८ लीज रद्द केली, खाणी थांबल्या आणि पुढे काय याची चर्चा घराघरांत झाली. त्या चर्चेत बंद खाणीचं काय करायचं हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारलाच नाही. सूदानमध्ये त्याचं एक उत्तर डोळ्यांनी बघता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला काय काय माहीत हवं ते पुढे क्रमाने लिहितो.

आधी चौकशी, मग तिकीट

पहिलं काम गोव्यातूनच करायचं. उद्यानाचं पूर्ण नाव लेक व्हर्मिलियन-सूदान अंडरग्राउंड माइन स्टेट पार्क. ते मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं चालवतं आणि खात्याच्या संकेतस्थळावर चालू हंगामाची माहिती असते. जमिनीखालची फेरी वर्षभर नसते. साधारण मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा हंगाम धरून चला. पण हंगाम आहे म्हणून फेरी असेलच असं समजू नका. खाली उतरायचा मार्ग, म्हणजे शाफ्ट, शंभर वर्षांहून जुना आहे, त्याची डागडुजी निघाली की खालची फेरी अख्खा हंगाम बंद राहू शकते. २०११ च्या मार्चमध्ये तर शाफ्टमध्ये आगच लागली होती आणि पाणी व फेस ओतून ती विझवावी लागली. म्हणून विमानाच्या तारखा पक्क्या करण्याआधी मुलाला किंवा सुनेला संकेतस्थळ उघडायला सांगा, शक्य असेल तर फोनही करायला लावा. फेरीत माणसं मोजकीच नेतात, त्यामुळे जागा आधी राखून ठेवलेली बरी.

फेऱ्या दोन प्रकारच्या असू शकतात: एक खाणकामाच्या इतिहासाची, दुसरी विज्ञानाच्या दालनाची. कोणती चालू आहे हे वर्षागणिक बदलतं, तेही फोनवरच विचारून घ्या. खालची फेरी बंद असली तरी वरचा परिसर बघण्यासारखा आहे, पण त्यासाठी मिनियापोलिसहून साडेतीन-चार तास गाडीने यावं का, याचा विचार करा. माझं मत विचाराल तर फेरी बंद असल्यास बेत पुढच्या वर्षावर ढकलावा.

घरच्या घरी करायची परीक्षा

खाली नेणाऱ्या केजमध्ये, म्हणजे पिंजऱ्यात, माणसं दाटीवाटीने उभी असतात, दार लागतं, अंधार होतो आणि साधारण तीन मिनिटं खडखडाट करत ती खाली जाते. शाफ्ट सरळ उभाही नाही, थोडा तिरका आहे, त्यामुळे केज रुळांवर घासत, हादरत जाते. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरतो त्यांना ही तीन मिनिटं फार लांब वाटतात, आणि मध्येच उतरायची सोय नसते.

आपल्याला हे सोसेल का, याची चाचणी इथेच घेता येते. रिवणची लेणी बघून या. जांभ्या दगडात कोरलेली ती लेणी लहान आहेत, वाकून आत शिरावं लागतं आणि थोडं आत गेलं की उजेड मागे पडतो. साखळीजवळची हरवळेची लेणी मात्र या चाचणीला फारशी उपयोगाची नाहीत, ती बरीच मोकळी आहेत. रिवणला पाच मिनिटं आत शांतपणे उभं राहता आलं तर सूदानला काळजी नाही. तिथेच धाप लागली, बाहेर पळावंसं वाटलं, तर वर थांबायची तयारी ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. घरातल्या एकाने नातवंडांना खाली न्यावं, दुसऱ्याने वर इंजिनघर बघावं.

हृदयाचा त्रास, दमा, गुडघ्याचं दुखणं असेल तर गोव्यातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला. खाली चालणं फार नसतं, पण जमीन खडबडीत आणि ओलसर असते आणि शेवटी खनिज काढलेल्या पोकळीत शिरायला थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात. व्हीलचेअर लागणाऱ्यांनी जागा राखतानाच सांगावं, म्हणजे कुठपर्यंत जाता येईल ते कळतं. खाली उतरताना कानांत दडे बसतात. तोंडात खडीसाखर किंवा गोळी ठेवा, आवंढे गिळत राहा, लहान मुलांनाही तेच सांगा.

काय घालायचं

तळाशी बारा महिने साधारण १०-११ अंश तापमान असतं. वर जुलैचं ऊन असलं तरी खाली तेवढीच थंडी. पणजीत जानेवारीच्या पहाटे आपण स्वेटर शोधतो तेव्हाही पारा एकोणीस-वीसच्या खाली सहसा जात नाही, यावरून अंदाज घ्या. पूर्ण बाह्यांचा गरम स्वेटर किंवा जॅकेट, पायमोजे आणि बंद, न घसरणारे बूट हवेत. चपला, सँडल चालणार नाहीत.

डोक्यावर हेल्मेट घालावंच लागतं. आजीचा अंबाडा असेल तर हेल्मेट नीट बसत नाही आणि वाकलं की पुढे घसरतं. त्या दिवशी साधी सैल वेणी घालावी. साडीऐवजी सलवार-कमीज किंवा पँट बरी, कारण खालच्या गाडीत चढताना-उतरताना पदर आणि निऱ्या सांभाळणं अवघड जातं. ज्यांना साडीशिवाय चालतच नाही त्यांनी ती घोट्याच्या वर नेसावी आणि पदर खोचून स्वेटरच्या आत घ्यावा.

बुटांची आणखी एक गोष्ट, ही गंभीरपणे घ्या. सूदानच्या खाणीत वटवाघळं हिवाळी झोप घेतात, मिनेसोटातल्या वटवाघळांच्या मोठ्या ठिकाणांपैकी हे एक आहे. उत्तर अमेरिकेत एका बुरशीमुळे वटवाघळांना पांढऱ्या नाकाचा रोग होतो आणि लाखो वटवाघळं त्याने मेली आहेत. सूदानलाही २०१६ मध्ये हा रोग पोहोचला. बुरशीचे बीजाणू माणसाच्या बुटाकपड्यांतून एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जातात. म्हणून दुसऱ्या कुठल्याही गुहेत किंवा खाणीत वापरलेले बूट, जॅकेट, पिशवी इथे आणू नका, आणि इथे वापरलेले न धुता दुसरीकडे नेऊ नका. फेरीनंतर साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या चटईवरून चालायला सांगितलं तर झटपट उडी मारून पुढे जाऊ नका, बूट नीट घासा. आपल्या सीमेपलीकडे, खानापूरच्या जंगलात बारापेडे गुहेत राहणारं दुर्मीळ वटवाघूळ जपण्यासाठी किती लोक धडपडतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या काळजीचं कारण वेगळं सांगायला नको.

जून-जुलैत वर डास भयंकर असतात. मिनेसोटातले डास आपल्या पावसाळ्यातल्या डासांना हार जाणार नाहीत. मलम सोबत ठेवा.

रस्ता आणि वाटेतलं

मिनियापोलिसहून उत्तरेला दुलुथ, तिथून पुढे टॉवर गावाच्या शेजारी सूदान. एका दिवसात जाऊन-येऊन होण्यासारखं असलं तरी दमछाक होते. दुलुथ, व्हर्जिनिया किंवा ईली या गावांत एक रात्र राहा.

दुलुथला घाई करू नका. सुपीरियर सरोवराच्या काठावर खनिज चढवायचे प्रचंड धक्के आहेत. रेल्वे वरून येते, डबे खाली रिकामे होतात आणि खनिज उतरत्या नळकांड्यांतून थेट जहाजाच्या पोटात जातं. मांडवीतून बार्ज, मग मुरगाव, मग बाहेर उभं असलेलं मोठं जहाज, हा प्रवास ज्यांनी लहानपणापासून पाहिला आहे त्यांना तिथली प्रत्येक हालचाल ओळखीची वाटेल. सूदानचं पहिलं खनिज १८८४ मध्ये रेल्वेने याच सरोवराच्या काठावरच्या टू हार्बर्स बंदरात गेलं. वेळ असला तर तिथेही डोकावून या.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाने चपात्या आणि सुकी भाजी बरोबर ठेवावी, उत्तरेकडे गावं विरळ आहेत. जे मांसाहार करतात त्यांनी मात्र पास्टी चुकवू नये. मैद्याच्या जाड पारीत मांस, बटाटा, कांदा भरून कडा मुरडून भाजलेली, आपल्या नेवरीची मोठी, तिखटमिठाची बहीण म्हणा ना. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले खाणकामगार ती इकडे घेऊन आले. खाली डबा उघडून हात धुवायची सोय नसायची, ही हातात धरून खाता येते. सूदानमध्ये कॉर्निश, स्वीडिश, फिनिश, इटालियन, स्लोव्हेनियन अशी देशोदेशींची माणसं होती. आपल्या खाणींवरही झारखंड, ओडिशा, कर्नाटकातून माणसं आली, आणि त्यांचं खाणंपिणं आपल्या बाजारात मिसळलं. ते आपण कधी नोंदून ठेवलं नाही.

वर पोहोचल्यावर

वेळेच्या तासभर आधी पोहोचा. शाफ्टवरचा उंच लोखंडी सांगाडा दुरूनच दिसतो, त्याला हेडफ्रेम म्हणतात. शेजारी ड्राय हाउस आहे, म्हणजे कामगारांची कपडे बदलण्याची इमारत. पुढे क्रशरघर आणि ड्रिल दुरुस्तीचं दुकान आहे, तीही बघा. इंजिनघर मात्र चुकवू नका. तिथे केज वर-खाली करणारं हॉइस्ट आहे: भल्यामोठ्या ड्रमवर पोलादी दोर गुंडाळलेला, समोर खोली दाखवणारी मोठी तबकडी, आणि लिव्हर हातात धरून बसलेला ऑपरेटर. हे यंत्र १९२० च्या दशकातलं आहे आणि तुम्हाला खाली नेणारं तेच. ऑपरेटरला केज दिसत नाही. तो घंटेच्या ठोक्यांवर आणि तबकडीच्या काट्यावर काम करतो. तुमची फेरी सुरू होण्यापूर्वी आधीच्या गटाला तो कसा उतरवतो ते पाच मिनिटं उभं राहून बघा. काटा शेवटच्या खुणेजवळ आला की ड्रम हळू होतो, अगदी सावकाश, आणि खाली पाऊण किलोमीटरवरची केज नेमकी फलाटाला लागते.

परिसरात जुन्या उघड्या खाणीचा खोल खड्डाही आहे. १८८२ मध्ये काम सुरू झालं ते असंच वरून. दहाएक वर्षांत खड्डे इतके उभे आणि धोकादायक झाले की १८९२ च्या सुमारास सगळं काम जमिनीखाली न्यावं लागलं. हा खड्डा आधी बघा. त्याची बाजू आपल्याकडच्या खाणीसारखी पायऱ्यांची नाही, जवळजवळ सरळ उभी भिंत आहे. खाली उतरल्यावर त्याचं कारण कळेल.

खाली जाण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या. फेरी साधारण दीड तासाची असते. लहान मुलांना हेल्मेटचा पट्टा वर असतानाच बांधून द्या, अंधारात तो सापडत नाही.

सत्तावीसाव्या पातळीवर

केज थांबते ती सत्तावीसाव्या पातळीवर. जमिनीपासून ७१३ मीटर, म्हणजे दूधसागरच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. सूदान उंचावर असलं तरी ही जागा समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली आहे. तिथून छोट्या खाणगाडीत बसून सव्वा किलोमीटरच्या आसपास आडव्या बोगद्यातून जायचं. हात आणि डोकं गाडीच्या आत ठेवा, भिंती अगदी जवळून जातात.

चार शब्द माहीत असले तर गाइडचं बोलणं सहज कळतं. वरून खाली जाणारा उभा मार्ग म्हणजे शाफ्ट. त्यातून प्रत्येक पातळीवर फुटणारा आडवा बोगदा म्हणजे ड्रिफ्ट. खनिज काढून झालेली मोठी पोकळी म्हणजे स्टोप. माणसांना नेणारी केज, तर खनिज वर नेणारी बादली म्हणजे स्किप.

स्टोपमध्ये उभं राहिल्यावर वर बघा. कामगार खालून वर खणत जायचे. छताला भोकं पाडायची, सुरुंग लावायचे, पडलेलं खनिज खाली ढकलायचं, आणि निरुपयोगी दगड तिथेच पसरून त्यावर उभं राहून पुन्हा छताला हात घालायचा. म्हणजे पायाखालची जमीन आणि डोक्यावरचं छत दोन्ही हळूहळू वर सरकत जायचं. रिजेक्शनचा मोठा भाग पोकळीतच परत भरला जायचा, म्हणून वर आपल्यासारखे डंपचे डोंगर उभे राहिले नाहीत. पहिल्या पावसात डंप वाहून शेतात माती आली, हे ज्यांच्या घरात घडलं आहे त्यांनी इथे जरा जास्त वेळ थांबावं.

छताला लाकडी टेकू जवळपास नाहीत, कारण भोवतालचा खडक विलक्षण कठीण आहे. त्याला ईली ग्रीनस्टोन म्हणतात, सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्राच्या तळाशी उसळलेल्या लाव्ह्याचा. त्यामुळे भिंती उभ्या राहतात, आणि कोरडी, सुरक्षित म्हणून कामगार या खाणीला खाणींमधली कॅडिलॅक म्हणत. आपल्याकडे वरचा जांभा आणि त्याखालचं भुसभुशीत खनिज अशी जमीन, म्हणून पायऱ्या पाडाव्या लागतात, भूजलाच्या खाली गेलं की सतत पंप लावावे लागतात. पंप सूदानलाही सुटलेले नाहीत. खाण बंद होऊन साठहून अधिक वर्षं झाली, तरी पाणी उपसावंच लागतं, नाहीतर ती भरून जाईल.

भिंतीवर लाल आणि करड्या पट्ट्यांचा खडक दाखवतील. लाल पट्टा जास्पर नावाच्या दगडाचा, करडा हेमटाइटचा, म्हणजे लोहखनिजाचा. बोटाच्या पेरात पाच-सहा पट्टे मोजता येतात, मध्येच ते दुमडलेले, वळलेले दिसतात. गोव्याच्या खनिजाचं मूळही अशाच पट्टेदार लोहखडकात आहे. आपल्याकडे लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली वाळू धुऊन नेली आणि मऊ खनिज उरलं. सूदानचं खनिज मात्र घट्ट, ढेकळाचं, त्यात लोखंड ६० टक्क्यांहून जास्त. हात लावून बघा, खिशात मात्र टाकू नका. उद्यानातला दगड नेणं बेकायदेशीर आहे.

गाइड दिवे घालवून संपूर्ण अंधार दाखवतो, मग एका मेणबत्तीएवढा उजेड करतो. सुरुवातीचे कामगार एवढ्यावरच काम करत. लहान मुलं या वेळी घाबरतात, आधीच सांगून त्यांचा हात धरून ठेवा.

इतकं चांगलं खनिज असून खाण बंद का पडली, हे आपल्यासाठी महत्त्वाचं. सूदानची ढेकळं जुन्या पद्धतीच्या पोलादभट्ट्यांत थेट वापरत. भट्ट्यांचं तंत्र बदललं, आणि टॅकोनाइट नावाच्या हलक्या दर्जाच्या खडकापासून गोळ्या करणं स्वस्त पडू लागलं. खाली खनिज शिल्लक होतं, ते घेणारा उरला नाही. ऐंशी वर्षांत इथून दीड कोटी टनांहून थोडंच जास्त खनिज निघालं. गोव्यातून २०१०-११ या एकाच वर्षात चार कोटी टनांहून जास्त निर्यात झाली होती. हा आकडा मनात ठेवून त्या पोकळीकडे बघा.

विज्ञानाची बाजू

यू.एस. स्टील कंपनीने १९६५ मध्ये खाण राज्याला देऊन टाकली. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तिथे प्रयोग मांडला. खाणीतच का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. आकाशातून विश्वकिरणांचा पाऊस अखंड पडत असतो. त्यातले कण इतके असतात की एखादी दुर्मीळ घटना पकडायला बसलेल्या यंत्राला त्यांच्या गलबल्यात काही ऐकूच येत नाही. डोक्यावर पाऊण किलोमीटर खडक असला की हा पाऊस जवळपास लाखपटीने कमी होतो.

आधीचे प्रयोग अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन हा कण कधीतरी आपोआप फुटतो का ते बघण्यासाठी होते. तसं फुटणं कोणालाच दिसलं नाही. मग आला मिनॉस. शिकागोजवळच्या फर्मिलॅब प्रयोगशाळेतून न्यूट्रिनो नावाच्या कणांचा झोत जमिनीतून सरळ सूदानकडे सोडला जायचा. अंतर ७३५ किलोमीटर, पणजीहून सरळ रेषेत जवळपास बडोद्यापर्यंत. बोगदा वगैरे काही नाही, न्यूट्रिनो खडकातून आरपार जातात. पृथ्वी गोल असल्याने झोत किंचित खाली रोखावा लागायचा आणि वाटेत तो जमिनीखाली दहा किलोमीटरपर्यंत जायचा. पोहोचायला लागायचा एका सेकंदाचा सुमारे चारशेवा भाग. सूदानमध्ये ५४०० टनांचं यंत्र त्याची वाट बघत असायचं: आठ मीटर रुंद अष्टकोनी पोलादी पत्रे, ४८६ थर, मधे मधे प्रकाश टिपणाऱ्या पट्ट्या. यातला प्रत्येक तुकडा त्याच जुन्या शाफ्टमधून खाली नेऊन तिथे जोडला होता. २००५ पासून २०१६ पर्यंत झोत येत राहिला. वाटेत न्यूट्रिनो आपला प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना वजन आहे, हे मोजून पक्कं करण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

शेजारच्या दालनात कृष्णपदार्थ, म्हणजे विश्वात असलेला पण न दिसणारा पदार्थ, शोधणारा प्रयोग होता. जर्मेनियमचे स्फटिक निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तेवढ्या नीचांकी तापमानाच्या, अगदी जवळ थंड करून ठेवले होते, कृष्णपदार्थाचा कण आपटला तर स्फटिक किंचित तापेल या आशेने. २००९ मध्ये दोन संशयास्पद खुणा मिळाल्या, पण पुरावा म्हणण्याइतक्या त्या नव्हत्या, आणि शास्त्रज्ञांनी तसं स्पष्ट सांगितलं. मुलांना हे जरूर सांगा.

हे प्रयोग आता संपले आहेत, मोठं यंत्रही तिथून काढलं आहे. विज्ञान मात्र थांबलेलं नाही. खोल भेगांतून झिरपणारं खारट पाणी आणि त्यात उजेडाशिवाय, हवेशिवाय, लोहावर जगणारे जीवाणू यांचा अभ्यास तिथे झाला आहे. विज्ञानदालनाची फेरी मिळाली तर दालनाची भिंत बघा. अख्ख्या भिंतीवर चित्र रंगवलेलं आहे, खाणकामगार आणि शास्त्रज्ञ दोघे त्यात आहेत.

नातवंडांना एक गोष्ट मराठीत सांगून ठेवा, गाइड कदाचित सांगणार नाही. खाणीत बसून असे कण पकडण्यात आपला देश फार आधीपासून आहे. कर्नाटकातल्या कोलार सोनखाणीत, २३०० मीटर खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांबरोबर १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ती एक. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, पंप थांबले, खालच्या पातळ्यांत पाणी चढलं. जिथे ते यंत्र होतं तिथे आज कोणा शाळकरी मुलाला नेता येत नाही.

गाइडला काय विचारावं

लाजू नका. "आम्ही गोव्याच्या लोहखाणपट्ट्यातून आलो आहोत" एवढं सांगितलंत की गाइड तुमच्याशी वेगळ्या आपुलकीने बोलेल. या भागातल्या बहुतेक घरांचा खाणीशी संबंध आहे. पंपांचा खर्च कोण करतं, बाहेर जाणारं पाणी कसं स्वच्छ करतात, खाण बंद झाल्यावर कामगारांचं काय झालं, पर्यटनात गावातल्या किती लोकांना काम मिळालं, जुनी यंत्रं भंगारात जाण्यापासून कोणी वाचवली, हे प्रश्न विचारा. शेवटचा तर नक्की विचारा. आपल्याकडे गावोगाव बंद पडलेले प्लांट, कन्व्हेयर, काठाला लागलेले बार्ज उभे आहेत आणि दरवर्षी त्यातलं काहीतरी भंगारवाल्याकडे जातं. जुने फोटो, हजेरीपट, खाणीचे नकाशे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ते फेकू नयेत, एवढी विनंती.

उत्तरं वहीत टिपून घ्या, खाली मोबाइल बऱ्याचदा चालत नाही आणि फोटोही अंधारात नीट येत नाहीत.

फेरीनंतर

वर आल्यावर डोळ्यांना उजेड टोचतो. दहा मिनिटं सावलीत बसा, गरम काहीतरी प्या, मग गाडीत बसा. बूट पिशवीत बांधून ठेवा आणि मुक्कामाला पोहोचल्यावर गरम पाण्याने धुवा.

दिवसाचा वेळ उरला असेल तर परत जाताना हिबिंग गावाकडे वळा, सूदानपासून तासाभराच्या अंतरावर. तिथे हल-रस्ट-महोनिंग नावाची उघडी लोहखाण आहे, पाच किलोमीटरहून लांब आणि अजून चालू. खनिज गावाखाली पसरलेलं निघालं म्हणून १९१९ पासून हिबिंगची घरं, दुकानं, हॉटेलं उचलून, ओंडक्यांवरून गडगडत दोन मैल दक्षिणेला नेली. वरच्या सज्जातून खालचे ट्रक खेळण्याएवढे दिसतात. सूदान आधी आणि हिबिंग नंतर, हाच क्रम ठेवा, उलट केलात तर सूदानची फेरी चुकण्याची भीती असते. हिबिंगहून त्याच संध्याकाळी मिनियापोलिस गाठायचा हट्ट धरू नका. अंधार पडला की रस्त्यावर हरणं येतात आणि गाड्या वेगात असतात. व्हर्जिनियाला मुक्काम करून सकाळी निघालेलं उत्तम.